अंगठा

हार्लन होक्स्ट्रा यांस,
जेलरोड, नाशिकरोडहून सप्रेम सलाम.
तुमचं पत्र पोचलं. सोबतचा फोटोही.
इंजिनापुढे सहा जण, टोप्या मागे सारलेल्या,
आणि अगदी उजवीकडे, फोटो संपता संपता,
एक काळसर कोपर.
तुम्ही विचारता, हे तुमचे वडील का?
भिंग लावून पाहिलं. कोपर कोपरासारखंच असतं हो.

तीस वर्षं मी इथल्या छापखान्यात नोटांचे नंबर तपासले.
शाई जराशी फुटली, एखादा आकडा ओणवा झाला
की अख्खं शीट बाद.
सवय जात नाही. म्हणून नक्की आहे तेवढंच लिहिते.

एलिया उजागरे. फायरमन. इगतपुरी शेड.
घाट चढून आलेलं विजेचं इंजिन तिथे सुटायचं,
वाफेचं लागायचं,
तेवढा वेळ मिलिटरी स्पेशल उभी.
एकदा त्यातून तुमची माणसं उतरली.
रेल्वेवालीच, पण खाकीतली.
कोणी गावाकडे गार्ड, कोणी सांधेवाला,
आता निघालेली आसामला.
बाकीची पलटण चहाकडे धावली,
हे इंजिनाकडे.
वहीत आहे : ‘एकाने चाकावर थाप मारली,
बैलाच्या वशिंडावर मारतात तशी.’

वही कसली, जुन्या टाइमटेबलाची पाठकोरी पानं,
सुतळीनं शिवलेली.
त्यात कोळशाचा हिशेब, आत्याच्या लग्नातलं उसनं,
अर्धवट एक स्तोत्र,
आणि चव्वेचाळीसच्या मार्चपासून तुमची माणसं.
कारण बाबांनाही नेलं त्यांच्या मागोमाग,
सहा महिन्यांच्या बोलीवर.
मोठ्या रुळांचा माणूस लहान रुळांवर गेला.
‘गाडी अरुंद, जंगल रुंद,’ एवढंच त्या दिवशी.

नावं त्यांनी कानानं लिहिली.
वंडल. टाकी भरताना शीळ घालतो.
बड. दुसरा बड.
होकिस्तर. हेच तुमचे वडील असतील. नसतीलही.
होकिस्तर रात्री फावडं मागून घेतो, म्हणतो तू नीज.
होकिस्तरला ताप.
होकिस्तर परत आला, पट्टा दोन भोकं आत.
पुढे पान नाही, वाळवी आहे.

तुम्हाला पलटणीचा नंबर हवा आहे.
तिकडच्या कागदांत दोन तुकड्यांची सरमिसळ झाली म्हणता,
आणि विचारायला आता म्हातारं कोणी उरलं नाही.
नंबर आहे. पान एकोणीस, वरच्या कोपऱ्यात.
पहिला आकडा सात, तेवढा उघडा.
बाकीच्यावर तेलाचा डाग.

शरणपूर रोडला एक मुलगा जुने कागद दुरुस्त करतो,
मोडीच्या दप्तरांवर हात बसलाय त्याचा.
म्हणाला, मावशी, निघेल डाग, ओढून घेतो.
मग पान उजेडापुढे धरलं आणि गप्प झाला.
डागात रेषा होत्या. एकात एक, भोवऱ्यासारख्या,
आणि डावीकडे कापल्याची खूण.

सही यायची हो त्यांना. मराठी, इंग्रजी, दोन्ही.
अंगठा लावायची वेळ कधी आली नाही.
ती खूण मला ठाऊक आहे.
शाळेसाठी वेणी घालताना
माझे केस अडकायचे त्यात.

डाग काढलेला नाही.
नोटेवर असता तर मीच बाद केली असती.
फोटो पाठवते आहे, जवळून, तिरप्या उजेडात.
दुसरा आकडा मला दोन वाटतो, मुलगा चार म्हणतो.
तुमची नजर तिसरी. बघा काय दिसतं.
आणि तुमच्या इतिहासात हे पान छापलंत
तर खाली एवढं घाला :
नंबर पलटणीचा, अंगठा उजागरेंचा,
उमटले एकाच पानावर.

ता. क.
मूळ फिल्म तुमच्याकडे असली
तर त्या कोपराला बाही आहे का, पाहून कळवा.
बाबा बाही दुमडत नसत.
ठिणग्या उडतात, म्हणायचे.